परंबिकुलमची विसरलेली ट्रामवे

रविवारच्या पुरवणीतील केरळमधील परंबिकुलम व्याघ्र प्रकल्पावरील लेख आवडला. मात्र तेथील सागवान ज्या मार्गाने बाहेर गेले, त्या कोचीन संस्थानच्या वन-ट्रामवेचा साधा उल्लेखही नाही, हे खटकले. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा सुमारे ८० किलोमीटरचा मीटरगेज मार्ग थेट चालकुडीच्या रेल्वेपर्यंत लाकूड पोचवत असे. तीव्र उतारांवरची योजना तर थक्क करणारी. लाकडाने भरलेल्या वाघिणी (मालडबे) उतरताना आपल्या वजनाने दोराच्या दुसऱ्या टोकाच्या रिकाम्या वाघिणी वर ओढत! १९६३ मध्ये ट्रामवे बंद झाली. वाघ पाहायला येणाऱ्या पर्यटकाला या जंगलातली झाडे कुठे गेली, हेही कळायला हवे. केरळच्या वनविभागाने उरलेल्या खुणांपाशी निदान माहितीफलक लावावेत.

– एक वाचक, सांगली