मोटर लावली, पण सीटचं काय?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

हल्ली पुण्यात ई-सायकली बऱ्याच दिसायला लागल्यात, काही कंपनीच्या तयार, काही साध्या सायकलला किट बसवून केलेल्या. चांगली गोष्ट आहे. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किमीच्या आत स्पीड असला की लायसन्स नको, नंबर प्लेट नको, म्हणून साठीच्या पुढची माणसं घेतात, गुडघे दुखणाऱ्या बायका घेतात, डबे पोचवणारी पोरं घेतात. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि तिथे जी तक्रार जास्त येते ती बॅटरीची नाही, बुडाची आहे. "सीट लागते हो, बसवत नाही." थोडे दिवस चालवतात आणि मग एवढे पैसे घालून घेतलेली सायकल जिन्याखाली जाऊन पडते. हे बघवत नाही म्हणून लिहितोय.

साध्या सायकलवर आपण पेडल मारत असतो तेव्हा अंगाचं बरंच वजन पायांवर जातं आणि खड्डा दिसला की आपसूक बूड उचललं जातं. मोटर आली की पाय नुसते ठेवलेले, थ्रॉटल (स्कूटरसारखी मूठ) फिरवला की माणूस आरामात बसून राहतो, म्हणजे सगळा भार सीटवर. त्यात स्पीड १२-१५ वरून २५ वर गेला की तोच खड्डा कितीतरी जोरात बसणार. मागच्या चाकात हब मोटर, कॅरियरवर बॅटरी, मागचं सगळं जड आणि बहुतेक सायकलींना मागे सस्पेन्शन नसतंच. आणि एवढं असून सीट कसली देतात तर अरुंद, लांब नाकाची, पुढे वाकून जोरात पेडल मारणाऱ्यासाठी बनवलेली. हॅन्डल मात्र उंच! ताठ बसणाऱ्या माणसाला ती सीट चुकीचीच, यात मला तरी शंका नाही.

मग लोक काय करतात तर दोनतीनशे रुपयांचं जेलचं कव्हर आणून चढवतात. दोन दिवस बरं वाटतं. पण बसताना आपलं वजन बुडातल्या दोन हाडांवर यायला पाहिजे, सीट फार मऊ असली की ती हाडं आत रुततात आणि मधला फोम वर येऊन नेमका नाजूक जागी दाबतो, तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात म्हणून मुंग्या येतात. अमेरिकेत नायॉश या सरकारी संस्थेनं सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना बिननाकाच्या सीट वापरायला देऊन याचा अभ्यास केला होता आणि अशा सीटनं तो दाब, बधिरपणा कमी होतो असं त्यांना दिसलं. सीट बदलूनही मुंग्या जात नसतील तर मात्र लाजू नका, डॉक्टरला दाखवा.

सीट घ्यायच्या आधी मोजा. घरी पन्हाळी पुठ्ठा असतो ना, टीव्हीच्या खोक्याचा वगैरे, तो कडक स्टुलावर ठेवून त्यावर गुडघे जरा वर घेऊन बसा आणि उठा. दोन खळगे दिसतील. त्यांच्या मधलं अंतर मोजा, त्यात दोन-अडीच सेंटीमीटर मिळवा, ही झाली कमीत कमी रुंदी, आणि ताठ बसून चालवणार असाल तर त्याहून रुंद घ्या. बायकांचं हे अंतर साधारण पुरुषांपेक्षा जास्त असतं, तरी दुकानात सगळ्यांना एकच सीट. खाली दोन स्प्रिंगा असलेली रुंद सीट, आपल्या जुन्या काळ्या घोडा सायकलींना असायची तसली, ई-सायकलला फार छान चालते आणि ती काही महाग नसते. जास्त रुंदही नको हां, मांड्या घासतात.

सीट नवी घेण्याआधी आहे तीच नीट लावून बघा, साध्या सीटला १३-१४ नंबरचा पाना पुरतो. नाक वर असलं की पुढे दाबतं, फार खाली केलं की माणूस घसरत पुढे येतो आणि मनगटं दुखतात, म्हणून आधी सपाट ठेवा आणि मग अगदी किंचित फरक करा. उंचीसाठी पेडल सगळ्यात खाली आणून त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला की उंची बरोबर. थ्रॉटलवाले लोक दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट फार खाली घेतात, मग पेडल मारलंच जात नाही आणि गुडघेही दुखतात. भीती वाटत असेल तर सुरुवातीला खाली ठेवा, हात बसला की हळूहळू वर घ्या. फक्त सीटखालच्या दांड्यावर 'याच्या वर नको' अशी खूण असते, ती दिसेल इतका दांडा वर कधीच ओढू नका, फ्रेम तिथेच तुटू शकते.

त्यानंतर सीटखालचा सस्पेन्शनवाला दांडा, म्हणजे आत स्प्रिंग असलेला. हा खरा उपाय, मी तर म्हणेन जेलच्या कव्हरचे पैसे साठवून हाच घ्या. जाडी मात्र बघून, २५.४, २७.२, ३०.९, ३१.६ मिमी असे बरेच प्रकार आहेत आणि अर्धा मिमी जरी कमी पडला तरी दांडा खाली सरकत राहतो. आतली स्प्रिंग आपल्या वजनाप्रमाणे घट्ट-सैल करून घ्यावी लागते, हे दुकानदार सांगतच नाहीत, मग ५० किलोची बाई म्हणते दांडा हलतच नाही आणि ९० किलोचे काका म्हणतात एकदम खाली आपटतो.

आणि हवा! बऱ्याच टायरच्या बाजूला कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवेचा आकडा छापलेला असतो. दगडासारखी हवा भरून घेतात आणि मग सीटला शिव्या. वजनाप्रमाणे मधला आकडा ठेवा, फार कमी करू नका, मोटरच्या वजनानं ट्यूब रिमखाली चिमटते आणि हब मोटरचं चाक काढून पंक्चर काढणं म्हणजे वैताग असतो.

रस्त्याचंही बोलायलाच पाहिजे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच, गोलसर असायला पाहिजे, गल्लोगल्ली मात्र वीतभर रुंदीचे उंचवटे घातलेत, त्यावर कुठलीच सीट पुरी पडणार नाही. महापालिकेनं ते आधी काढावेत.

विक्रेत्यांना हात जोडून विनंती आहे, सायकल देताना गिऱ्हाईकाला बसवून उंची लावून द्या, दोन-तीन रुंदीच्या सीट दुकानात ठेवा, आणि जुनी परत घेऊन फरकाच्या पैशात बदलून द्या. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि पुठ्ठ्यावरचं माप घेऊन कुणी माझ्याकडे आलं तर सीट कुठूनही घेतलेली असू दे, मी फुकट बसवून देईन.

आपला,
एक सायकल दुरुस्तीवाला, पुणे