थकलेल्या मालकाला व्याख्यान नको, अधिकारांचा तक्ता हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सतत निर्णय घेऊन उद्योजक थकतात, यावर हल्ली सल्ले भरपूर मिळतात. पहाटे उठा, ध्यान करा, रोज एकाच रंगाचा शर्ट घाला. भोसरी, चाकण किंवा सातपूरच्या वीस-पन्नास कामगारांच्या मशीन शॉपमध्ये (धातूचे सुटे भाग कापून घडवणाऱ्या कारखान्यात) ज्यांनी काम पाहिलं आहे, त्यांना हे सल्ले पटणार नाहीत. तिथला मालक थकतो, कारण जे निर्णय त्याचे नाहीतच तेही दिवसभर त्याच्यापाशी येतात. त्यावर उपाय अधिकारांचा तक्ता: कोणता निर्णय कोणी आणि किती रुपयांपर्यंत घ्यायचा, याची लेखी यादी.

रोजचं उदाहरण घ्या. बोअर, म्हणजे भागातलं गोल भोक, २५ मि.मी., मापातली सूट एच-सेव्हन, म्हणजे २५.००० ते २५.०२१ एवढंच चालतं. ऑपरेटरला २५.०२४ मिळतो. तो व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो, "सर, चालेल का?" मालक तेव्हा बँकेत असतो, घाईत "चालेल" म्हणतो, आणि पुढे सगळा लॉट डेबिट नोटसह (पैसे कापल्याच्या चिठ्ठीसह) परत येतो. खरं तर या प्रश्नाचं उत्तर ड्रॉइंगने आधीच दिलेलं आहे. मशीनवर चार ओळी लावाव्यात: मशीन थांबवा; शेवटच्या ओके तपासणीनंतरचे सगळे जॉब (तयार भाग) लाल बिनमध्ये टाका; इन्सर्ट (कापणारं बदलतं पातं) आणि ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली हत्याराच्या मापाची दुरुस्ती) तपासा; पुढचा पहिला जॉब क्वालिटीकडून पास करून घ्या, मगच चालू करा. डेव्हिएशन, म्हणजे मापाबाहेरचा माल चालवून घ्यायची परवानगी, द्यायचं की नाही हे ग्राहक ठरवणार, आणि ते लेखी मागणं हे क्वालिटी इन्चार्जचं काम.

असे प्रश्न शोधायला सहा कामाचे दिवस एक वही ठेवावी. कोणी विचारलं, काय विचारलं, किती रुपयांचं, काय उत्तर दिलं, एवढंच लिहायचं. ज्या प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर जातं, त्याचा नियम करून टाकायचा.

स्टोअरचे बहुतेक प्रश्न गणिताने सुटतात. दिवसाला ६ इन्सर्ट लागतात, माल यायला ५ दिवस, हाताशी ३ दिवसांचा साठा हवा; म्हणजे शिल्लक ४८ वर आली की ऑर्डर जायलाच हवी, विचारायचं नाही. मात्र ग्राहकाचं शेड्यूल वाढलं आणि ४८ तसेच राहिले, तर लाइन उपाशी राहते. म्हणून दर तिमाहीला आणि प्रत्येक मोठ्या बदलाला हा आकडा तपासावा.

खर्चाच्या मर्यादा ठरवताना एक चूक हमखास होते. सुपरवायझरला ५ हजार, मॅनेजरला २५ हजार अशी मर्यादा प्रत्येक बिलाला लावतात. मग ४० हजारांच्या दुरुस्तीची २०-२० हजारांची दोन बिलं होतात. मर्यादा त्या कामाच्या एकूण खर्चाला हवी, शिवाय महिन्याची वेगळी कमाल हवी.

"आज कोणाचे पैसे सोडायचे?" हा प्रश्न तर रोजचाच. उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांना, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला, तर आयकर कायद्यातल्या तरतुदीने (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा होतो. म्हणून आठवड्याचा एक वार पेमेंटचा ठरवावा आणि अकाउंटंटने देय तारखेनुसार यादी लावावी. मालकाने फक्त यादीतल्या अपवादांवर बोलावं.

उरलेल्या प्रश्नांसाठी दिवसातून दोन वेळा, समजा साडेअकरा आणि साडेचार, वीस-वीस मिनिटं. अपघात, वीज जाणं आणि ग्राहकाची उत्पादन लाइन थांबणं एवढेच अपवाद. नवं मशीन, मोठं कोटेशन, माणूस नेमणं हे सकाळी ठरवावं. संध्याकाळी सातला, डिस्पॅचच्या धावपळीत नव्हे.

निर्णयांच्या थकव्यामागचं संशोधन सांगितलं जातं तितकं पक्कं नाही. निर्णयशक्ती इंधनासारखी संपते, या विचाराला १९९८ च्या प्रयोगांनी जोर आला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तो परिणाम तपासला, तेव्हा तो जवळजवळ आढळलाच नाही. पण त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही. दर दहा मिनिटांनी हातातलं काम सोडून अर्धवट माहितीवर "हो" म्हणणारा माणूस चुकणार, हे शॉप फ्लोअरवर रोज दिसतं.

सगळी व्यवस्था मोडते ती एकाच प्रसंगाने. मर्यादेतला निर्णय चुकला म्हणून मालक सुपरवायझरला चारचौघांत झापतो, आणि पुढच्या आठवड्यात पाचशे रुपयांचा बेल्टही विचारून येऊ लागतो. चुकीबद्दलचं बोलणं बंद खोलीत व्हावं, आणि गरज वाटली तर मर्यादा बदलावी. दुसरा धोका कौटुंबिक कारखान्यांत. वडील नाही म्हणाले की माणसं धाकट्या भावाकडे जातात. खरेदी एकाकडे आणि विक्री दुसऱ्याकडे असं वाटून घेतलं, तर दुसऱ्याच्या विषयावर "त्यांना विचारा" एवढंच उत्तर द्यायचं, घरात जेवतानासुद्धा.

औद्योगिक संघटना वर्षभर प्रेरणादायी व्याख्यानं ठेवतात. त्यातल्या दोन बैठका तरी त्यांनी याला द्याव्यात: मशीन शॉप, फाउंड्री आणि प्लास्टिक मोल्डिंग यांचे अधिकारांचे नमुना तक्ते मराठीत करावेत, आणि ते भरून घ्यायला मालकाबरोबर सुपरवायझरलाही बोलवावं.

आपला,
लघुउद्योगांत काम करणारा एक उत्पादन अभियंता, पिंपरी-चिंचवड