‘डेरिंग-डू’ सरदारांचा नव्हे, छापखान्याचा शब्द

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतील शब्दांच्या सदरात ‘डेरिंग-डू’ हा जुना इंग्रजी शब्द मध्ययुगीन सरदार रणांगणावर एकमेकांच्या शौर्यासाठी वापरत असत, असे ठामपणे लिहिले आहे. ते वापरत नसत, कारण त्या काळी असे नामच नव्हते.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या इंग्रज कवीने ट्रॉयचा राजपुत्र ट्रॉयलस याचे वर्णन करताना, सरदाराला साजेसे ते करायला धजण्यात तो कोणाहून कमी नव्हता, असे लिहिले. तेथे ‘डॉरिंग’ म्हणजे धजणे आणि ‘डॉन’ म्हणजे करणे, अशी दोन साधी क्रियापदे केवळ शेजारी आली आहेत. पुढे लिडगेट या मठवासी कवीने १४१२ ते १४२० या काळात रचलेल्या ट्रॉयच्या काव्यात चॉसरची ही शब्दयोजना उचलली, आणि सोळाव्या शतकात ते काव्य छापले गेले तेव्हा ‘डॉरिंग’चे ‘डेरिंग’ झाले. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ मुद्दाम केला गेला असे सांगतात. येथे ‘ओ’चा ‘ए’ नजरचुकीने झाला. ही जोडी म्हणजे एकच नाम आहे अशा समजुतीने एडमंड स्पेन्सरने ती १५७९ साली आपल्या मेंढपाळांवरील काव्यात वापरली आणि त्या काव्याच्या ‘ई. के.’ या टीपाकाराने ‘पौरुष आणि सरदारी बाणा’ असा तिचा अर्थ देऊन टाकला. त्यानंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी, १८१९च्या डिसेंबरात निघालेल्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीत वॉल्टर स्कॉटने तो शब्द बाराव्या शतकातील जखमी सरदाराच्या तोंडी घातला. आपल्या सदरलेखकांची गफलत बहुधा येथेच झाली असावी.

हे मी इतक्या तळमळीने लिहितो याला कारण आहे. इंग्रजी घेऊन बी. ए. करत असताना चाचणी परीक्षेत मी या शब्दाची हीच हकिकत लिहिली होती, आणि आमच्या प्राध्यापकांनी त्यावर तांबडी रेघ ओढून ‘काल्पनिक कथा लिहू नयेत’ असा शेरा मारून शून्य गुण दिले. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयातून ऑक्सफर्ड शब्दकोशाचा ‘डी’ अक्षराचा जाडजूड खंड काखोटीला मारून त्यांच्या खोलीत गेलो, तर त्यांनी तो उघडूनही पाहिला नाही. ‘सरदारांचा शब्द सरदारांचाच असणार’ एवढे बोलून ते तासाला निघून गेले. गुणांचे मला फारसे वाटले नाही. समोर ठेवलेला पुरावा न पाहता उठून जाणे मात्र मी आजतागायत विसरलेलो नाही. शिक्षक झाल्यावर सव्वीस वर्षे मी प्रत्येक वर्गाला ही हकिकत सांगितली आणि कोश कसा उघडायचा हेही दाखवले. काल तेच वाक्य आपल्या वृत्तपत्रात ठळक अक्षरांत वाचले, तेव्हा तो खंड पुन्हा हातात आल्यासारखे झाले.

त्याच सदरात स्पेन्सरच्या काव्याचे साल १५९७ असे छापले आहे, तेही चूक आहे. आपल्याकडे अलीकडे मुद्रितशोधन होते की नाही, अशी शंका यावी इतक्या चुका पुरवणीत दिसतात, आणि दुरुस्ती केलीच तर ती आतल्या पानावर, तळाशी, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या टंकात येते. पुरवणी कापून वहीत चिकटवणारी मुले ती दुरुस्ती कधीच पाहत नाहीत. तरी या दोन्ही चुकांची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच सदरात, त्याच जागी आणि त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, वाई