सूचना : रविवारची बैठक, यून मिशेले

सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी संध्याकाळी ५ वाजता, नेहमीच्या जागी, नॉर्वेचे लेखक यून मिशेले (१९४४–२०१८) यांच्या ‘द फ्रोझन वूमन’ या कादंबरीवर चर्चा आहे. माजी वकील थिगेसनच्या बागेत गोठलेलं प्रेत सापडतं, तिथून कथा सुरू होते. किमान निम्मं पुस्तक वाचून यावं. शेवट ग्रुपवर कृपया लिहू नये.

मिशेले तरुणपणी खलाशी होते, पुढे पत्रकार झाले. कट्टर डावे. ‘क्लासेकाम्पेन’ या दैनिकाचे ते काही वर्षं संपादक होते. त्यांच्या थरारकथांत राजकारण कथेच्या पोटातच असतं. ‘ओरियन्स बेल्टे’मध्ये (१९७७) विम्याच्या पैशांसाठी लबाडी करायला निघालेले स्वालबार्डचे (उत्तर ध्रुवाजवळची नॉर्वेची बेटं) बोटवाले सोव्हिएत हेरकेंद्रापर्यंत जाऊन पोहोचतात आणि महासत्तांच्या कात्रीत सापडतात.

माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम मात्र उतारवयातलं : दुसऱ्या महायुद्धातल्या व्यापारी जहाजांवरच्या नॉर्वेच्या खलाशांवरची सहा खंडांची कादंबरीमाला. टॉर्पेडोंच्या भीतीत तेल-धान्य वाहणाऱ्या या माणसांची युद्धानंतर देशाने फार उपेक्षा केली. त्यावरही थोडं बोलू.

ग्रंथालयाची प्रत ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ती शुक्रवारपर्यंत पुढच्या सभासदाकडे द्यावी.