मल्टिप्लायर की सॉकेट

प्रिय निशिकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. इंटेलचा कोअर आय५-१४६००के प्रोसेसर घ्यावा की एएमडीचा रायझेन ५ ७६००, आणि दोहोंपैकी कोणाला ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या गतीपलीकडे चालवून, अधिक वेग काढता येईल, असे तू विचारले आहेस. उत्तर देण्यापूर्वी आपल्या दोघांच्या जुन्या संगणकांची आठवण करून देतो, कारण माझे मत त्यांच्यावरूनच बनले आहे.

२०१७ साली तू इंटेलचा आय७-७७००के घेतलास आणि मी एएमडीचा रायझेन ५ १६००. तुझा चार कोअरचा (म्हणजे चार गणनकेंद्रांचा) प्रोसेसर तू थेट ५ गिगाहर्ट्झवर नेलास; माझा मात्र कितीही व्होल्टेज दिले तरी ३.८ च्या पुढे स्थिर राहीना. ओव्हरक्लॉकिंगची ती स्पर्धा तू निर्विवाद जिंकलास. परंतु त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंटेलने सहा कोअरचा ८७००के आणला, तेव्हा पिनांची संख्या तीच ११५१ असूनही तो तुझ्या मदरबोर्डावर चालणार नव्हता, त्याला ३०० मालिकेचा नवा चिपसेट, म्हणजे बोर्डावरची नियंत्रक चिप, लागत होता. माझ्या बी३५० बोर्डाला २०२२ मध्ये नवे बायोस (बोर्ड चालू करणारे मूळ सॉफ्टवेअर) आले आणि त्याच सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खोबणीत, मी ५८००एक्स३डी बसवला : सहाऐवजी आठ कोअर आणि १६ ऐवजी ९६ मेगाबाइट एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद स्मृती). रॅम, बोर्ड, पॉवर सप्लाय यांतले काहीही बदलावे लागले नाही. हाताने मिळवलेला कोणताही ओव्हरक्लॉक एवढा फरक पाडू शकला नसता.

पूर्वीची गोष्ट वेगळी होती, हे मान्य. १९९८ चा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए बसची (प्रोसेसर व बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाची) गती ६६ मेगाहर्ट्झवरून १०० केली की ४५० वर चालत असे. म्हणजे दीडपट वेग. तेव्हा चिपमध्ये पुष्कळ गती शिल्लक सोडलेली असे. आज ती शिल्लक कंपन्या स्वतःच वापरून टाकतात. इंटेलचा १४९००के तर ६ गिगाहर्ट्झचा बूस्ट, म्हणजे स्वतःहून गाठायचा कमाल वेग, घेऊनच बाजारात आला. त्यापुढचे जे काही हाती लागते त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते, कारण विजेचा वापर वारंवारतेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाच टक्के वेगासाठी व्होल्टेज दहा टक्के वाढवलेस, तर सुमारे सत्तावीस टक्के अधिक उष्णता कूलरला वाहून न्यावी लागेल.

शिवाय इंटेलकडे मल्टिप्लायर (मूळ गतीला गुणून प्रोसेसरचा वेग ठरवणारा आकडा) वाढवायचा, तर प्रोसेसर ‘के’ अक्षराचाच हवा आणि बोर्डही झेड चिपसेटचा हवा. ७६०० ला बी६५० चिपसेट पुरतो. फक्त ए६२० घेऊ नकोस, त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही.

७६०० माझ्या कामाच्या संगणकात आहे, म्हणून त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. त्याला मल्टिप्लायर वाढवून फारसा लाभ होत नाही. पीबीओ (एएमडीची आपोआप ओव्हरक्लॉक करणारी सोय) सुरू करून त्यातल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये, म्हणजे प्रत्येक कोअरचे व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या सेटिंगमध्ये, ऋण आकडा द्यायचा, म्हणजे तोच वेग कमी व्होल्टेजवर मिळतो आणि वाचलेली उष्णता चिप आपोआप अधिक बूस्टसाठी वापरते. मी उत्साहाने सगळ्या कोअरना उणे ३० दिले. सहा तासांची कडक चाचणी निर्वेध पार पडली, आणि दुसऱ्या दिवशी नुसती एक मजकुराची फाइल उघडी असताना संगणक आपोआप रीस्टार्ट झाला. कारण शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. पूर्ण भार असताना प्रोसेसरचा वेग खाली उतरलेला असतो. हलक्या कामात एखादाच कोअर सर्वोच्च वेगाला जातो आणि नेमके तिथे व्होल्टेज अपुरे पडते. एकेक कोअर स्वतंत्रपणे तपासला, तेव्हा सर्वांत वेगवान गणले गेलेले दोनच कोअर तग धरत नव्हते असे दिसले. त्यांना उणे १२ दिले, बाकीचे उणे ३० वर ठेवले, आणि तेव्हापासून तक्रार नाही.

१४६००के ची बाजूही नीट मांडायला हवी. त्यात सहा मोठे आणि आठ लहान असे चौदा कोअर आहेत. दिवसभर व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला तो ७६०० पेक्षा स्पष्टपणे सरस ठरेल. पण त्याची कमाल वीजमर्यादा १८१ वॅट आहे आणि ७६०० ची ८८. घेतलासच तर पहिल्याच दिवशी बायोस अद्ययावत कर : तेराव्या-चौदाव्या पिढीतील व्होल्टेजच्या दोषावर इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) दिले आहेत, मात्र एकदा झालेली हानी त्यांनी भरून येत नाही. आणि त्याच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये पुढच्या पिढीकडे जायला वाट नाही. २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७००, २०२४ मध्ये १८५१, असे सॉकेट बदलत गेले. ७६०० चा सॉकेट एएम५ मात्र २०२२ मध्ये आला, त्यावर रायझेन ९००० मालिकाही चालते, आणि किमान २०२७ पर्यंत तो टिकवण्याचे एएमडीने जाहीर केले आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की ७६०० घे, झेड बोर्ड आणि मोठा कूलर यांचे वाचलेले पैसे चांगल्या बी६५० बोर्डात आणि डीडीआर५-६००० च्या दोन रॅम पट्ट्यांत घाल, आणि गेमसाठी वेग कमी पडू लागला की त्याच सॉकेटमध्ये ९८००एक्स३डी बसव. त्याच्या आधीच्या ७८००एक्स३डी चा मल्टिप्लायर बंद होता, ९८००एक्स३डी चा उघडा आहे. म्हणजे तुझी हौसही भागेल.

एक सूचना विसरू नकोस : प्रोसेसर बदलण्याआधी, जुना बसलेला असतानाच बायोस अद्ययावत कर. माझ्या जुन्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असत, आणि प्रोसेसर व कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली की कूलर ओढताना प्रोसेसरही त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येई. माझा १६०० तसाच आला आणि त्याच्या कडेच्या तीन पिना मला सुईने सरळ कराव्या लागल्या. एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये आहेत, तेव्हा उघड्या सॉकेटवर काहीही पडू देऊ नकोस.

बोर्ड निवडलास की त्याचे नाव कळव. त्याची प्रोसेसर-यादी मी तपासून देईन.

तुझा,
श्रीधर