कंपास बाजूला ठेवायला लावल्याबद्दल

प्रिय ताई,

मी पाठवलेल्या पोस्टरवर तुम्ही लाल पेनाने सात ठिकाणी खुणा केल्या होत्या आणि खाली एकच ओळ लिहिली होती: 'कंपास ठेव, डोळ्यांनी बघ.' खोटं कशाला बोलू, तेव्हा रागच आला होता.

पोस्टरवर शब्द एकच, 'ठसा'. जाड, भौमितिक, लांबून अंगावर येणारा. ठ म्हणजे अचूक वर्तुळ, शिरोरेघ आणि काना एकाच जाडीचे, सगळं ग्रिडवर बसवलेलं. मोजमापात तिळाएवढी चूक नव्हती. तरी भिंतीवर लावलं की ठ शेजारच्या स पेक्षा लहान वाटायचा, शिरोरेघ डोक्यावरच्या ओझ्यासारखी दिसायची आणि स च्या सांध्यात काळा डाग पडायचा.

तुम्ही एकेक खूण उलगडून सांगितलीत. आडवी रेघ उभीइतकीच जाड काढली तर ती जास्त जाड दिसते, म्हणून ती थोडी बारीक करायची. गोलाई नेमकी रेषेवर थांबवली तर अक्षर आखूड वाटतं, तिला किंचित बाहेर जाऊ द्यायचं. दोन जाड रेघा भेटतात तिथे थोडं कोरून घ्यायचं. मी फ्युचुरा या टाइपचं, म्हणजे फॉन्टचं, नाव पुढे केलं, कारण भूमितीचा टाइप म्हटलं की पॉल रेनरचा तो १९२७ सालचा टाइपच आठवतो. 'मग तोच मोठा करून बघ,' म्हणालात. बघितला. इंग्रजी लहान b ची वाटी दांड्याला मिळताना चक्क बारीक होते! इतकी वर्षं तो वापरत होतो आणि हे दिसलंच नव्हतं.

देवनागरीत तर याहून कसोटी. वर वेलांटी, रफार, खाली उकार, आणि 'द्ध'सारखं जोडाक्षर आलं की ठळक वजनात, म्हणजे जाड अक्षरांत, आतली पोकळी बुजलीच म्हणून समजा. तुम्ही तुमच्या टाइपची फाइल वापरून बघायला दिलीत, तेव्हा मी मुद्दाम आधी 'श्रद्धा' टाइप केलं. 'द्ध' मोकळा होता, कारण आतल्या रेघा तुम्ही बाहेरच्यांपेक्षा हलक्या ठेवल्या आहेत. (तुमचा ळ मात्र मला अजूनही जरा पसरट वाटतो.)

त्याच टाइपमध्ये मी व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता बसवला, त्यावरही बोलणी खाल्ली. पोस्टरसाठी घट्ट बांधलेली अक्षरं बारीक आकारात एकमेकांना चिकटतात. लोगोसुद्धा छोट्या आयकॉनसाठी वेगळा, सुटा काढावा लागतो. तो मी आता वेगळा काढलाय.

प्रिंट भिंतीवर उलटा लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून बघायची तुमची सवय मलाही लागली आहे. 'ठसा' पुन्हा काढला. ठ बाहेरून गोल आहे, पण आतली पोकळी उभट झाली आहे, कंपास तिथे चालत नाही. या सगळ्याबद्दल मनापासून आभार.

नवा प्रिंट सोबत जोडलाय. लाल पेन हाताशी असू द्या.

तुमचा,
ळ वर अडून बसलेला विद्यार्थी