कुंभारजुव्याच्या तारीकाकांस

तारीकाका, सा. न. वि. वि.

तुमची होडी शाळेच्या पडवीत येऊन आठवडा झाला. तुमचे आभार नीट मानायचे राहूनच गेले, म्हणून हे पत्र.

२०१९ साली लेकीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा टेम्स नदीकाठी हेन्ली गावातलं वल्हवण्याचं संग्रहालय पाहिलं. त्या गावात १८३९ पासून होड्यांच्या शर्यती होतात. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकमध्ये चौघांनी सुवर्णपदक जिंकलं ती होडी तिथे जपून ठेवलेली, लांबलचक, निमुळती. मन भरून पाहिली. पण बाहेर पडताना आजी आठवली. मांडवी नि झुआरीला जोडणाऱ्या आपल्या पाण्यावरून तिला पैलतीरी नेणारी होडी कुठे बघायची? ती तर तुमच्या माडाखाली पालथी पडलेली. लाकडाच्या भावाने मागायला माणसं आली, तरी तुम्ही दिली नाहीत. शाळेसाठी शब्द टाकला, तर एका क्षणात हो म्हणालात.

त्या दिवशी मुलांना तुम्ही जमिनीवर बसवलंत आणि एकेकाचं बोट धरून भोकांवरून फिरवलंत. फळीला फळी सुंभाने शिवलेली, फटीत काथ्या ठासलेला, वरून काजूच्या टरफलाच्या तेलाचा काळा हात. सहावीतल्या एकीने विचारलं, “खिळे का नाही मारले?” तुम्ही म्हणालात, “खिळा गंजतो, बाय. वाळूवर आपटली की खिळ्याची फळी तडकते, शिवलेली जरा लवते.” मग तिच्याच हाती सुंभ दिलात. तळवा लाल झाला, पण तिने गाठ सोडली नाही.

आणि ते वल्हं! मुठीपाशी झिजून दोन खळगे पडलेत, तुमच्या वडिलांच्या अंगठ्यांचे. तुमचेही अंगठे त्यात अगदी नेमके बसले, ते पाहून मला बोलवेना.

गणपतीच्या सातव्या दिवशी, होड्या जोडून केलेला आपला तरंगता मंच, सांगोड, निघतो तेव्हा आम्ही सगळे काठावरून देखावे बघतो. खालच्या दोन होड्या एकमेकींना कशा जखडल्या आहेत, हे आजवर मी एकदाही विचारलं नव्हतं. यंदा माझी मुलं आधी तेच बघतील.

पावसाआधी तेलाचा हात पुन्हा द्यायचा, असं तुम्ही बजावलंत. मुलांनी ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय आणि कोणाला पुसू देत नाहीत. त्या दिवशी तुम्ही याच. काकींनाही आणा.

तुमची,
शाळेतली बाई